शेकोटी राखणारीचा वाटा

उल्सान, ३ मे २०२४

ती. आईस सा. न.

वि. वि. फोनवर तू ओरडशील म्हणून लिहिते आहे. अडतीस वर्षांचा संसार आम्ही दोघांच्या संमतीने मोडतो आहोत. दहा जूनला कोर्टात जायचं. करारात सोकग्यूंनी एक ओळ घातली आहे: त्यांच्या पेन्शनवर मी हक्क सांगणार नाही. पेन्शन कचेरीतली बाई म्हणाली, ही ओळ नसेल तर संसाराच्या वर्षांतली निम्मी पेन्शन कायद्याने तुमचीच. मला लाज वाटली. मी एक दिवसही त्यांच्या जहाज कारखान्यात कामाला गेले नाही. सही करून मोकळी होते. नूडल्सच्या दुकानात भांडी घासते आहे, गुडघे साथ देतील तोवर भागेल.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो या बातमीने आटू देऊ नकोस.

तुझी लेक

जेजू, ११ मे

चि. नानहीस उदंड आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र शेजारच्या कुमजाने वाचलं, हेही तीच लिहिते आहे. तिचं अक्षर सुंदर आहे असं ती स्वतःच सांगते. मला काय कळतंय! ज्या जावयाने अडतीस वर्षांत माझ्या शिंपल्यांना एकदा बरं म्हटलं नाही, त्याच्यासाठी मी घसा कशाला बसवू? पण त्या पेन्शनवाल्या बाईचं बोलणं मी तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा कुमजा वैतागली.

अगं, तुझ्या वेळी मला आठवा होता. शेवाळ काढायचे दिवस. बाकीच्या बाया त्यासाठी समुद्रात बुड्या मारत होत्या, मी खडकाआड नुसती शेकोटी राखली. वाटणीला माझा ढीग सगळ्यांएवढाच! मी नको म्हटलं, तर आमच्या म्होरक्या बाईने झापलं, की शेकोटी विझली असती तर काकडलेली कुठली बाई पुन्हा पाण्यात उतरली असती? वर म्हणाली, आज तू नको म्हणालीस, तर पुढच्या पोटुशीने काय मागायचं?

मला वाटायचं, हे आम्हा पाण्यातल्या बायांनाच कळतं. तिकडे सोलमध्ये कायदे करणारे, ज्यांचे पाय कधी ओले झाले नाहीत, त्यांनाही कळलं? तुला न पाहता, तुझ्या हातचं न खाता त्यांनी तुला धरलं हिशेबात? अंगावर काटा आला गं. ती ओळ खोडायला लाव.

गुडघ्यांना शेक दे. माया आहे, पण सही केलीस तर बघ.

तुझी आई

उल्सान, १९ जुलै

ती. आईस सा. न.

वि. वि. ओळ खोडली. कोर्टाच्या जिन्यात सोकग्यूंनी विचारलं, मी लोखंड जोडत होतो तेव्हा तू काय करत होतीस? मी म्हटलं, तुमच्या रात्रपाळीचे डबे भरत होते, आणि त्यातला एकही उरून परत आला नाही. मग त्यांनीच खिशातून पेन काढलं.

पेन्शन कचेरीचं पत्र आलं आहे. माझ्या नावाने, मी असेपर्यंत दर महिन्याला. प्रत सोबत पाठवते. मूळ पत्र मी अजून टेबलावरून आत ठेवलेलं नाही. आधी हात धुऊन येते, मग नुसती बघत बसते.

आहेस तशीच राहा, रागावत आणि जपत.

तुझी लेक

जेजू, २७ जुलै

चि. नानहीस आशीर्वाद.

वि. वि. कागद पोचला. कुमजा आकडे वाचायला लागली, तिला थांबवलं. म्हटलं, आधी यात माझी नानही कुठे आहे ते दाखव. तिने दाखवलं. आडनावासकट तीन चौकोनी अक्षरं. साठ वर्षं हे नाव हाका मारमारून झिजवलं, पण पाहिलं नव्हतं कधी. बोट ठेवलं ते उचलवेना. म्हटलं, केवढंसं आहे गं हे! कुमजा म्हणाली, सरकारी कागदावर सगळ्यांची नावं एवढीच असतात, मंत्र्याचंसुद्धा.

तुझी आई