जमानतीला उशीर

९ फेब्रुवारी
श्री संध्याकाळी राजा घाटावरची पूजा आटोपून परतलाच नाही. कोपऱ्यावरचा पानवाला सांगत आला, तुमच्या नवऱ्याला पोलिसांनी नेलं, खिशात गांजाची पुडी सापडली. सासरे, म्हणजे आप्पा, रोजच्यासारखी भांग वाटत बसलेले. मुलाचं ऐकलं, हात थांबला नाही. "भांग महादेवाची. गांजा नशेबाजांचा." मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

१० फेब्रु.
चौकीवर गेले. दरोगा म्हणाला, "भाँग का ठेका सामने है भाभीजी, सरकारी है. ये वाला जुर्म है." ठेक्यावरची भांग आणि हा गांजा, दोन्ही एकाच झाडाचं, हे त्यालाही ठाऊक असणार. दुपारी कोर्ट, मग जेल. वकील म्हणाले, पुडी लहान आहे, घराचे कागद घेऊन कुणी जमानतीला उभं राहिलं की सुटेल. घर आप्पांच्या नावावर.
आप्पा: "राहू दे थोडे दिवस. सवय सुटेल." रागाने नाही, खरंच तसं वाटतं त्यांना. सासूबाई गेल्यापासून श्री चिलीम ओढतो, आम्हा दोघांनाही माहीत होतं. घरात विषय कधी निघाला नाही.

१५ फेब्रु. महाशिवरात्र
दरवर्षीसारखी भांगेची ठंडाई. सगळी गल्ली पिऊन गेली. चौकीचा शिपाईपण आला, "परसाद" म्हणत दोन पेले. मीच ओतून दिले. श्री तिकडे जेलात, आणि मी... माहेरी दादा आहे, त्याचं स्वतःचं घर आहे. त्याला एक फोन केला नाही. आप्पांच्या होकाराची वाट बघत बसले.

१७ फेब्रु.
सकाळी आप्पांनी आपणहून कागद काढले. "वकिलाला फोन कर."
संध्याकाळी श्री बाहेर आला. अंगात ताप. आप्पा म्हणाले, "चल घरी."
"तुमची भांगेची गोळी झाली का आज?"
श्रीचा टोमणा नव्हता, साधं विचारल्यासारखं. आप्पा रिक्षा बोलवायला वळले. गल्लीत शिरलो तशी ओट्यांवरची माणसं बोलायची थांबली.

२२ फेब्रु.
नाशिकचे यजमान. माझ्या लग्नाआधीपासून त्यांची पूजा श्रीच सांगतो. फोन आला, "या वेळी दुसरं कुणी पाठवा, वहिनी." आप्पा म्हणाले, मी जातो. दुर्गाघाटाच्या पायऱ्या त्यांना झेपत नाहीत आता. तरी गेले, भिंतीला धरून. श्री खिडकीतून बघत राहिला. मग बॅग भरली. ग्वाल्हेरला, ताईंकडे, माझ्या नणंदेकडे.
"तू पण चल."
"आप्पा एकटे कसे..."
"मीपण एकटाच होतो ना तिथे."
रात्रीच्या गाडीने एकटाच गेला.

२७ फेब्रु.
श्रीचा फोन. तिकडे एका मंदिरात काम मिळतंय. पुन्हा विचारलं, येतेस का. होळीनंतर सांगते म्हटलं. त्याला आवडलं नाही.
आप्पा दारात उभे. किती ऐकलं कोण जाणे. हात पुढे केला, मी मोबाईल दिला. कानाला लावला, पण तोंडातून शब्द नाही. पलीकडून श्री, "हॅलो, बोल ना." मग फोनवर आप्पा आहेत हे त्याला कळलं असावं. तोही गप्प.
मी स्वैपाकघरात जाऊन कुकर लावून आले. फोन अजून आप्पांच्या कानालाच. कुणीच ठेवला नव्हता.