वरातीमागून अलर्ट

४ जून
घरात घडलेली गोष्ट मला इतक्या उशिरा का कळावी? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. घरातली पहिली पदवीधर आहे मी, तरीही नाही.
दुपारी कुरिअरवाला आला, चुकीचं पार्सल दिलं, आईशी वाद घातला आणि गेलासुद्धा. हॉलमधल्या कॅमेऱ्याचा ‘व्यक्ती दिसली’ हा अलर्ट आला तेव्हा मी परतीच्या बसमध्ये होते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, वरातीमागून घोडं. वर हसले.
हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. दुसऱ्या शहरातल्या शाखेत मला बढती देऊ केली आहे, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. इकडे बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यानंतर ते एकदा हॉलमध्ये पडले, आणि आई नेमकी बाजारात. म्हणून मी हा कॅमेरा बसवला. त्या शहरात बसून बाबांकडे लक्ष देता आलं तर मी जाणार, नाही तर नाही. सरळ हिशोब.
अंतर ही फक्त मानसिकता आहे, असं मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझं नाही जमलं तर मला आधी सांग हं. मी शब्द दिला.
संकल्प: या आठवड्यात अलर्ट वेळेवर.

६ जून
कस्टमर केअरला फोन. बराच वेळ बासरी ऐकली. मग एक अतिशय नम्र तरुण. म्हणाला, मॅडम, फोनचा बॅटरी सेव्हर अलर्ट अडवून ठेवतो, तो बंद करा. केला. मी त्याला म्हटलं, तुमच्यासारख्या तरुणांवरच समाज उभा आहे. त्याने लगेच फोन ठेवला. भारावला असावा.
संध्याकाळी निघताना रोजच्यासारखा आईचा फोन. निघालीस का गं? मी हो म्हटलं. किती माया! पाठोपाठ दुपारचे सगळे अलर्ट एकदम आले. टणटणटण. बसमधले लोक वळून बघायला लागले.
बॅटरी मात्र घरी पोचायच्या आत संपली.

१० जून, रविवार
चाचणी. मी स्वयंपाकघरात फोन घेऊन, बाबा हॉलमध्ये. पाऊल पडतंय तोच अलर्ट! पुन्हा चालवलं, पुन्हा अलर्ट. बाबा म्हणाले, मी माणूस आहे की रिमोटची गाडी? आई म्हणाली, बसू दे गं त्यांना, तुझ्या बापाला पाय आहेत, चाकं नाहीत.
निष्कर्ष: मी घरात असले की यंत्र शिस्तीत वागतं. जबाबदार माणूस यंत्रालाही ओळखू येतो.

१३ जून
अ‍ॅपमध्ये एक अप्रतिम सोय सापडली. माझा आवाज कॅमेऱ्यातून घरात ऐकू जातो! ऑफिसला पोचल्या पोचल्या वापरली. बाबा, काठी घ्या. बाबांनी दचकून घेतली. बाबा, टीपॉयवरून पाय खाली. घेतले. आई, पंखा उगाच चालू आहे. आईच्या हातून कप फुटला.
मैलोन्‌मैल दूर असूनही मी घरात असणार! संध्याकाळी आई माझ्याशी फार बोलली नाही. गहिवरली असेल.
दुपारी मात्र अ‍ॅप म्हणतं, कॅमेरा ऑफलाइन. आईला विचारलं तर म्हणाली, इथे सगळं ठीक आहे हो, तुझ्याच ऑफिसचं नेट खराब असेल. आईला नेटमधलं कळायला लागलंय. माझ्या शिकवण्याचं फळ.

१९ जून
अ‍ॅप काढून परत टाकलं. फोन अपडेट केला. कॅमेऱ्याची संवेदनशीलता पार वर नेली. आता पडदा हलला तरी ‘व्यक्ती दिसली’. पण कळतं संध्याकाळीच.
पुन्हा तोच नम्र तरुण. म्हणाला, मॅडम, नेट नसेल तर कॅमेरा सगळं साठवून ठेवतो आणि नेट आलं की पाठवतो. दुपारी घरात कोणी राउटर बंद करतं का? मी ठणकावलं, आमच्या घरात तसली माणसं नाहीत. तो ‘बरं’ म्हणाला. त्या ‘बरं’चा सूर मला आवडला नाही.
रात्री कंपनीला सविस्तर मेल. विषय: विश्वास.

२५ जून
डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं.
बाबा काठीशिवाय, पाय टीपॉयवर, शेजारच्या काकांबरोबर पत्ते खेळतायत. आई सोफ्यावर आडवी, फोनवर मावशीशी खदखदून हसतेय. पंखा आणि दिवा दोन्ही चालू. राउटर बंद.
मी नुसतं बोट दाखवलं. आई जराही न गडबडता म्हणाली, दुपारचं आम्ही तुला बंद करतो. तू निघालीस की लावतो परत.
तुला. कॅमेऱ्याला नव्हे.
आणि ते रोजचं ‘निघालीस का गं’! मी त्याला माया समजत होते.
मी म्हटलं, बाबा, पडला असतात तर? बाबा म्हणाले, तर तुझी आई आहे ना इथे. तू काय त्या भिंतीतून हात देणार होतीस? सकाळी ऐकतो, संध्याकाळी ऐकतो, मधे जरा श्वास घेऊ दे की, बाई. काकांनी पत्ते खिशात टाकले आणि चप्पल हातात घेऊनच सटकले.
काखेत कळसा आणि मी कंपनीला वळसा. माझीच माणसं!

२६ जून
काल रात्रभर संताप. आज अचानक उमगलं. माणसं यंत्र का बंद करतात? कारण त्यांना यंत्र नको असतं, मुलगी हवी असते. तोंडाने ‘जाऊ नको’ म्हणवत नाही, म्हणून बटणाने सांगतात. मी शिकलेली असून मला हे वाचता येऊ नये!
बढतीला नकार कळवला. ऑफिसातल्या शेजारच्या बाईंना आधी सांगितलं, शब्द दिला होता. आता जेवताना घरी सांगेन. रुमाल काढून ठेवला आहे, आईसाठी.

२६ जून, जेवणानंतर
रुमाल कोरडा आहे.
बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, अगं, पण मावशीला तुझी खोली देऊन झाली! एक तारखेला येतेय ती. नर्स होती, आता रिटायर झाली, ह्यांचा गुडघा बघेल. तू निर्धास्त जावंस म्हणून तर महिनाभर जमवत होतो.
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? आई म्हणाली, तू ऐकत कुठे होतीस? तू तर बोलत होतीस. भिंतीतून.

२८ जून
साहेबांकडे गेले. नकार मागे घेता येईल का? साहेब म्हणाले, शेजारच्या बाईंनी कालच होकार दिला, आता ऑर्डर निघाली.
बाईंचं मोठ्या मनाने अभिनंदन केलं. मधेच ठसका लागला. पाणी त्यांनीच दिलं.

१ जुलै, रविवार
मावशी आली. सोबत चार बॅगा, वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र. मला म्हणाली, तू अजून इथेच?
माझी खोली गेली. मी आता हॉलमध्ये, सोफ्यावर, कॅमेऱ्यासमोर.
जेवून सगळे आत झोपले. मी कूस बदलली, फोन वाजला: व्यक्ती दिसली. उशी सरकवली: व्यक्ती दिसली. डोळे पुसायला हात वर केला, लगेच: व्यक्ती दिसली. एका क्षणाचाही उशीर नाही! तांत्रिकदृष्ट्या समस्या पूर्ण सुटली आहे. कंपनीला तसं कळवायला हवं.
कळवेन सावकाश. राउटर बंद करून आलेय.