लोणच्याची बरणी आन् पळणारा पोरगा

४ फेब्रुवारी

आज ती लोणच्याची जाहिरात परत लागली! हसून हसून मला खोकला आला. पोरगा स्टेशनावर पळतोय, हातात बरणी. सगळीकडं लखलखीत ऊन, आन् ह्या दोघांवरच तेवढा पाऊस! पोरगी गाडीच्या दारात. ती उडी मारती, दोघं हळूऽहळू पळत जवळ येत्यात — आन् ती बरणी हिसकावून परत गाडीत! पोरगा हात पसरून तसाच उभा.

माझी नात दीक्षा म्हणाली, "आजी, ही प्रेमाच्या पिक्चरांची टिंगल हाय. खरं मानू नको."

टिंगल कळती गं मला. पण टिंगल तरी नीट करावी न्हाई का? बरणीला फडकं बांधलेलं न्हाई. एवढं पळल्यावर तेल अंगावर यायला नको? आन् पळायचं कशाला म्हणते मी! आमच्या दौंडात गाडी आली की इंजिन ह्या टोकाचं सोडून त्या टोकाला लावायचे. आमचे हे हयात होते तवा तेच काम करायचे. तेवढ्यात माणूस चहा पिऊन, मनातलं बोलून, वर भांडूनसुद्धा येईल.

७ फेब्रुवारी

दीक्षाला अकोल्याच्या दवाखान्यात नोकरी लागली! नर्सची. बुधवारी जायचं. लई आनंद झाला.

८ फेब्रुवारी

वडगाव रासाईचा संघर्ष आला होता. दीक्षाच्या कॉलेजातला, आता शिरूरकडं कंपनीत हाय. शेतातली वांगी घेऊन येतो, आन् वांग्याशिवाय कशावर बोलत न्हाई! दीक्षा आत गेली तशी मी विचारलं, "काय रं, तिला कवा सांगणार?"

पोरगा कानापर्यंत लाल. "आजी, न्हाई म्हणली तर?"

"तर वांगी मला आणत जा."

मग हळूच म्हणाला, "स्टेशनावर सांगतो. तिला आधी बोलू नका. गाडी थांबती का वाईच?"

"इंजिन फिरंस्तवर थांबती. पळू नको. सावकाश बोल."

तो गेल्यावर दीक्षा भाजी चिरत बसली. म्हणाली, "वांगी संपत्याल आता." मला कळलं.

११ फेब्रुवारी

काय करून बसले मी! दीक्षाची गाडी जंक्शनात येतच न्हाई. इंजिन फिरवायला नको म्हणून गावाबाहेरनं रूळ टाकलाय, त्याचं स्टेशनच वेगळं — कॉर्ड लाईन. गाडी तिथं जरा टेकती आन् जाती. घरात सगळ्यांना ठाऊक! मी गुडघ्यापायी कुठं जात न्हाई, मला कोण सांगणार?

माझा ल्योक ज्योतिबा दीक्षाला घेऊन बरोबर तिकडं गेला. आन् संघर्ष जंक्शनात बाकावर बसला. चहा प्याला. मी सांगितलं तसा, सावकाश!

ज्योतिबा म्हणतो, "गाडीत चढंस्तवर पोरगी सारखी मागं बघत होती."

दुपारी संघर्ष दारात आला. हातात बरणी — त्याच्या आईनं घातलेलं कैरीचं लोणचं. वर फडकं, दोऱ्यानं गच्च बांधलेलं! जाहिरातीतल्यावानी तसाच उभा. मला हसू बी येईना.

"आजी, माझं नशीबच तसलं."

"नशीब न्हाई रं बाबा. मी!"

१२ फेब्रुवारी

जाहिरात लागली. टीव्ही बंद केला.

१३ फेब्रुवारी

दीक्षाचा फोन. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. ती एवढी हसली, एवढी हसली! मग म्हणाली, "आजी, तूच सांग त्याला. अकोल्याला स्टेशन एकच हाय. बरणी घेऊन ये म्हणावं. आन् पळू नको — मी थांबते."