करपात्र होता होता

३ नोव्हेंबर, सकाळ
रिटायर व्हायला सत्तावीस दिवस. पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून महिनाअखेरीला सत्तावीस वर्षं सात महिने होतील. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे अठ्ठावीस. स्टोअरमध्ये हे फक्त मला माहीत आहे.

३ नोव्हेंबर, दुपार
ग्रॅच्युइटी काढली. सलग पाच वर्षं टिकलं की हक्काची. पगार बावन्न हजार, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले अठ्ठावीस. आठ लाख चाळीस हजार! साडेचार लाख हिच्या शिवणकामाच्या दुकानाचं डिपॉझिट, उरलेल्यात माझी गाडी. हिने एकच विचारलं, बावन्न हजार हा बेसिक आणि महागाई भत्ताच ना, की सगळं मिळून? म्हटलं, पगार म्हणजे पगार. टाक्यापलीकडे हिची नजर जात नाही.

८ नोव्हेंबर
दाढी करताना अचानक आठवलं. टॅक्स! घाम माझा आणि वाटा सरकारचा? मेहुण्याला फोनवर वीस मिनिटं सुनावलं. म्हणाला, दाजी, आधी कुणाला विचारून तर घ्या. घाबरट आहे.

१२ नोव्हेंबर
कॅन्टीनमध्ये टॅक्सविरुद्ध भाषण. जोरदार टाळ्या. काही चहा आला म्हणून असाव्यात.

१३ नोव्हेंबर
अकाउंट्सवाल्या मॅडमनी ग्रॅच्युइटीचा कागद लिफाफ्यातून पाठवला. उघडला नाही. तत्त्वाच्या लढाईत आकडे लुडबुड करतात.

१९ नोव्हेंबर
गाडीला वीस हजार टोकन दिलं. परत मिळणार नाही, असं डीलर दोनदा म्हणाला. परत मागणारे वेगळे. ही नुसती हं म्हणाली.

२४ नोव्हेंबर
टॅक्स कन्सल्टंटकडे गेलो. सरकारवर बोलायला सुरुवात केली, तर त्याने कागद मागितला आणि लिफाफा फोडला. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून सव्वीस हजार. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम यातलं काहीच धरत नाहीत. ग्रॅच्युइटी चार लाख वीस हजार. बरं, टॅक्स किती? शून्य. माफीची मर्यादा म्हणे याच्या चौपटीहून जास्त आहे. म्हटलं, थोडा तरी लागत असेल, नीट बघा. म्हणाला, काका, नीटच बघितलं.
आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता.

२५ नोव्हेंबर
आता दुकान किंवा गाडी. निर्णय झाला: गाडी आधी, दुकान पुढच्या वर्षी. आज हिला ठणकावून सांगणार.

२६ नोव्हेंबर
ही मशीनवर होती. मशीनच्या खडखडाटात भाषण रंगत नाही. उद्या.

२८ नोव्हेंबर
तोंड उघडलं, तोच हिने मापांची वही पुढे केली. ब्लाउजच्या मापांखाली माझ्या पगाराच्या स्लिपवरून काढलेली ग्रॅच्युइटी: चार लाख वीस हजार. खाली ऑक्टोबरची तारीख. तेवढ्यावरच दुकानमालकाला राजी करून मोकळी झाली होती. विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, विचारलं होतं की. तुम्ही पगार म्हणजे पगार म्हणालात.

३० नोव्हेंबर
निरोपसमारंभ. भाषण आवरतं घ्यायला लावलं. चेक मिळाला, गेटपर्यंत माझा होता. गेटबाहेर ही रिक्षा थांबवून उभी. टोकन बुडालं.
उद्या नऊला दुकानात हजर व्हायचं. म्हटलं, मॅनेजर म्हणून? म्हणाली, काजं आणि बटणं. मग हक्काचा मुद्दा काढला: माझ्या ग्रॅच्युइटीचं काय? म्हणाली, अहो, सलग पाच वर्षं टिका, मग बघू.