पाण्याखालची भेग

३ मार्च
तलावाच्या भिंतीचे फोटो काढायला गेले. पाणीखात्याच्या वार्षिक अहवालासाठी. पाणी नुसतं चकाकत होतं – आभाळाशिवाय काही दिसेना. चकाकी घालवायला पोलरायझर फिल्टर चढवला. तो फिरवून नेमका बसवावा लागतो, आणि उन्हाला आडोसा म्हणून लेन्सवर लावलेला हूड असला की बोटं पोचत नाहीत. हूड काढला. मग ऊन थेट काचेवर! सगळं पांढुरकं. शेवटी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एका हाताने सावली धरली, दुसऱ्याने फिल्टर फिरवत राहिले.

चकाकी विरली. पाण्याखालची भिंत दिसली. तिच्यात आडवी भेग – चांगली माणूसभर लांब.

आमची गल्ली त्याच भिंतीच्या पायथ्याशी.

४ मार्च
खात्याच्या इंजिनिअरसाहेबांना फोटो दाखवला. आमच्याच गल्लीत राहतात, चार घरं सोडून. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, शेवाळ आहे. असले फिल्टर लावले की काहीबाही दिसतं म्हणे. छापायला बिनफिल्टरचा द्या.

मी म्हटलं, फिल्टर चकाकी काढतो, भेग पाडत नाही.

"बाई, उगाच लोकांना घाबरवू नका."

५ मार्च
बादलीत नळ सोडला तरी दचकते.

८ मार्च
पुन्हा गेले. तीच जागा, तोच फिल्टर. त्या दिवशी भेग लोखंडी शिडीच्या अलीकडे संपत होती. आज शिडीच्या पलीकडे गेलीय. शेवाळ पाच दिवसांत असं सरळ रेषेत धावतं?

घरी येऊन सासूबाईंना फोटो दाखवला, म्हटलं, चार दिवस वन्संकडे जाऊ या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तो इंजिनिअर बायकापोरांसकट इथेच राहतो ना? त्याला जीव प्यारा नाही?"

ऐकून जरा धीर आला – खोटं कशाला लिहू.

९ मार्च
बिनफिल्टरचा फोटो पाठवून दिला. छान आलाय. पाणी कसं चांदीसारखं! स्वतःचीच किळस आली.

११ मार्च
सकाळी इंजिनिअरसाहेबांच्या दारात टेम्पो. कपाट, गाद्या, शिलाई मशीन, सगळं चढवत होते. बायको-मुलं आधीच गाडीत. साहेबांनी मला पाहिलं आणि मान फिरवली.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. चपला घालून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तो भेगेचा फोटो घे. प्रत्येक दार वाजवायचं आहे."