अक्षरांचं माप

३ फेब्रुवारी
पोचलो. पत्र्याचं घर, एक टाकी, बाकी तांबडी माती. सर्वांत जवळचा शेजारी एकशे ऐंशी किलोमीटरवर. पंप खोलायला मला भंगाराच्या ढिगानं शिकवलं, त्यामुळे पाच बोअर आणि चारशे गुरांचं पाणी सांभाळायला मी पुरेसा आहे. पाण्याची पातळी इथूनच गावातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भरायची, आणि आकडे फोनवरही सांगायचे. ऑफिसातली नोएलीन फोनवर म्हणाली, डार्सी, वेड लागायला लागलं की लगेच कळव, बदली माणूस मिळायला तीन दिवस जातात. बाई झकास आहे.

५ फेब्रुवारी
ऑफिसचा कॉम्प्युटर इथल्या पडद्यावर उघडला, तर अक्षरं भोपळ्याएवढी. चार ओळींत पडदा संपला. रिझोल्यूशन वाढवलं, काम उरकलं.

६ फेब्रुवारी
पुन्हा भोपळे. नोएलीनला झापलं. ती म्हणाली, बाबा रे, ते माप बघणारा ठरवतो, तुझ्याच खोलीतून. मी इथून काय करणार? की कुणी ठेवलीयस तिकडे? पोटभर हसलो. फोन ठेवल्यावर फार शांत झालं. खरं लिहितो, कुणी असतं तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी
मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. पडद्याकडे बघत मागे मागे गेलो. दाराबाहेर, टाकीपाशी, भोपळे डोळ्यांना बरोबर बसले. तिथून कोण वाचणार? मातीत फक्त माझे ठसे.

९ फेब्रुवारी
अक्षरं आपोआप लहान झालीत. आज ती उंबऱ्यावरून बरोबर दिसतात.

१० फेब्रुवारी
दाराला कडी. तरी आज अक्षरं खुर्चीमागे तीन पावलांवरून बरोबर दिसतात. निघून जावं, पण पारा चव्वेचाळीसवर. पंप थांबला तर गुरं दोन दिवसांत आडवी होतील. बदली माणूस मागितला. गुरुवारी येईल.

११ फेब्रुवारी
दीड पाऊल. नोएलीनला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, डार्सी, तू फोनवर आकडे सांगतोस ना, त्याच्या आधी तिथे कुणीतरी हळूच तेच आकडे म्हणतं. मला वाटलं, तुला सोबत मिळाली.

१२ फेब्रुवारी
उद्या गुरुवार. एकच दिवस —
पडदा भिंतीकडे फिरवला होता. सकाळी जागेवर.
अक्षरं अगदी माझ्या मापाची. मी हात लावलेला नाही. माझ्या मापाची, म्हणजे तो आता —
उठून बाहेर जातो. खुर्ची मागे सरकत ना