फोटोत झालेला रस्ता

वरची वाडी, देवरूखपासून अकरा किलोमीटर (त्यातले शेवटचे तीन पायी)
ता. १२ एप्रिल

तीर्थरूप रघूदादांना अनिलचा, गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून, साष्टांग नमस्कार.

आपली, वहिनींची आणि चि. नितेशची प्रकृती उत्तम असावी. आपलं ब्लडप्रेशर एव्हाना डोंबिवलीच्या हवेला सरावलं असेल असं धरून हे पत्र लिहायला घेतलं आहे. सरावलं नसेल तर आधी गोळी घ्यावी आणि मगच पुढे वाचावं. (आदरार्थी एवढं पुरे. जन्मभर तुला अरेतुरे करत आलो, पुढचंही तसंच लिहितो, नाहीतर खरं लिहवणार नाही.) फोन का केला नाही, असं विचारशील. एक तर रेंज येते ती फक्त डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या मोठ्या कातळावर, आणि तिथे उभं राहून बोललेलं अर्ध्या वाडीला ऐकू जातं. दुसरं म्हणजे पत्र फॉरवर्ड करता येत नाही. गेल्या तीन महिन्यांत या फॉरवर्डने माझं जे काही करून ठेवलंय ते पुढे येईलच.

तुझी आई, म्हणजे आमची हिराकाकू, तशी बरी आहे. दोन वेळा जेवते, आम्हाला चार वेळा बोलते. पण उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय आणि पावसाळ्याआधी ऑपरेशन करून घ्या असं शिबिराला आलेल्या डॉक्टरांनी बजावलंय. काकूचं म्हणणं तुला ठाऊक आहेच, रिक्षा दारात आल्याशिवाय ती वाडी उतरणार नाही. रिक्षा दारात यायची तर आहे त्या कच्च्या वाटेचा धड रस्ता व्हायला हवा. रस्ता अकरा वर्षं मंजूर आहे आणि मंजूरच आहे. तर काकूचा डोळा त्या रस्त्यावर अडलाय, आणि त्या रस्त्याचं मी काय केलं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

ऑक्टोबरात मी पशुधन पर्यवेक्षक या पदावरून निवृत्त झालो. चौतीस वर्षं तालुक्यातल्या गाईम्हशींना सुया टोचल्या, आता काय करणार, म्हणून आमच्या लेकीने, मनस्वीने, पहिल्या पगारातून मला डिजिटल कॅमेरा पाठवला. सुरुवातीला मी फक्त गुरांचे फोटो काढले. सवयीचं काम, आणि गुरं नंतर फोटो दाखव म्हणत नाहीत. माणसांचे काढायला लागल्यावर मात्र तक्रारी सुरू झाल्या. आमच्या हिने स्वतःचा फोटो पाहून मला विचारलं, की हे मुद्दाम केलंत की तुम्हाला मी खरंच अशी दिसते? (या प्रश्नाला उत्तर नसतं. तुला अनुभव असेलच.) तेव्हा कळलं की नुसता फोटो काढून भागत नाही, तो सुधारावाही लागतो.

म्हणून देवरूखला झेरॉक्सच्या दुकानावर तेजस्वी नावाची मुलगी फोटो सुधारण्याचा क्लास चालवते तिथे नाव घातलं. वर्गात आम्ही चौघं. दोन लग्नात फोटो काढणारे पोरगे, एक ब्यूटी पार्लरवाली बाई, आणि मी. पहिल्या दिवशी पहिल्याच वाक्यात तेजस्वीने सांगितलं, "काका, मूळ फोटोला हात नाही लावायचा. आधी त्याची कॉपी करायची आणि मग कॉपीवर काय ते खेळायचं." मी ते वहीत लिहून घेतलं, खाली लाल रेघ मारली आणि पान उलटलं. चुका करणाऱ्यांसाठी असलेली सूचना ती, आपल्याला काय करायची, असं मला वाटलं असावं.

मग काय, रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन पडवीत बसायला लागलो. त्यात रंग कमीजास्त करायच्या पट्ट्या असतात. हिरव्याची पट्टी मी अशी काही सरकवली की आपली खडकाळ वरकस जमीन बघून खालच्या वाडीतला विनोद कुठलं खत घातलंस म्हणून विचारायला आला आणि मी नाव सांगत नाही म्हणून रागावून गेला. देवळाचा फोटो सरळ करायला गेलो तर देऊळ सरळ झालं आणि पुजारी कलंडले. कडा कापायला शिकलो त्या दिवशी मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोतून हिची मावशी कापली गेली. मावशीने अजून अबोला धरलाय, आणि ही म्हणते की फोटोग्राफीपासून घराला झालेला तेवढाच एक फायदा.

पण खरी जादू म्हणजे डाग बुजवायचा ब्रश. तीळ, मुरूम, व्रण, जे नको असेल त्यावरून फिरवायचा. आजूबाजूची चांगली कातडी तो त्यावर आणून बसवतो. पार्लरवाल्या बाईने तर त्याला नमस्कार केला. मी घरी येऊन तो हिराकाकूवर वापरला. जानेवारीत तिला घरासमोरच्या रस्त्यावर काठी घेऊन उभी करून फोटो काढला होता, त्यातल्या तिच्या सुरकुत्या पुसल्या. काकूने बऱ्या डोळ्याने तो निरखून बघितला आणि म्हणाली, "ही कुनाची सून रं? चांगली दिसतेय." तेव्हा मी तिचा चेहरा सोडला. पण हाताला चटक लागली होती. काकूच्या मागे वळणापर्यंत रस्ता दिसत होता, आणि त्यावर खड्डे. एक बुजवून बघितला. बुजला! दुसरा बुजवला. अकरा वर्षांत जे कुणाला जमलं नाही ते मी चहा गार व्हायच्या आत केलं. शेवटच्या खड्ड्यात कोंबडी बसली होती, तीही रस्त्याखाली गेली. मग मी आनंदाने सेव्ह दाबलं. कॉपी केलेली नव्हती. मूळ फोटो तिथेच संपला, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड तर मी आदल्या दिवशीच स्वच्छ करून ठेवलं होतं (गोठा साफ ठेवायची सवय).

आता अक्कल बघ. तो फोटो मी कातळावर जाऊन वाडीच्या ग्रुपवर टाकला, 'आपल्या वाडीचा रस्ता' एवढंच लिहून. कुणीतरी वा म्हणावं, माझा ब्रश बघावा, एवढीच हौस. दहा मिनिटांत मुंबईकर मंडळींनी सरपंचाचं अभिनंदन सुरू केलं. कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली, एकाने जन्मभूमीवर कविता पाठवली. रस्ता पडला कधी हे विचारणारा त्यात एकही निघाला नाही. मी खुलासा करणार होतो, पण तेवढ्यात अंधार पडला आणि कातळावरून खाली उतरावं लागलं.

सकाळी सरपंच रूपेश स्वतः घरी आला. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर तो गहिवरला होता. म्हणाला, काका, एवढा चांगला रस्ता मी पण बघितला नव्हता. फ्लेक्ससाठी मोठा करून मागितला आणि जाताना एक किरकोळ बदल सुचवला, तो मी करून दिला (त्याविषयी खाली). सव्वीस जानेवारीला शाल, श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. खोटं सांगत नाही दादा, मला बरं वाटलं. चौतीस वर्षांत एकाही गाईने माझा सत्कार केला नव्हता.

शिमग्याला नितेश नवी गाडी घेऊन आला आणि वळणावर गाडीचं पोट दगडावर बसलं, तेव्हा मी तुला कातळावरून ओरडून सांगितलं की पोराला गाडी चालवता येत नाही. ते खोटं होतं. तो ग्रुपवरचा फोटो बघून आला होता. त्याला रागावू नकोस, गाडी तो बरी चालवतो.

आता मुख्य गोष्ट. एकतीस मार्चला पंचायतीत माझ्या पेन्शनच्या दाखल्यासाठी गेलो होतो. टेबलावर आपल्या रस्त्याची फाईल, वर 'काम पूर्ण' असा शिक्का आणि आत माझा फोटो. ठेकेदाराचं म्हणणं असं की रस्ता त्याने केला होता, पण वाडीवाल्यांनी गुरं घालून तीन महिन्यांत उखडला. पुरावा म्हणून अनिलकाकांचा फोटो! (ज्या गुरांची मी हयातभर सेवा केली त्यांच्यावर माझ्याच फोटोमुळे हा आळ आला.) आणि झालेला रस्ता पुन्हा मंजूर होत नाही, निदान पाच वर्षं तरी. काकू परवाच अठ्ठ्याऐंशीची झाली. मी रूपेशला गाठून तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "काका, अकरा वर्षं खरे फोटो पाठवले, एक माणूस आला नाय. खोटा पाठवला, तर बिल काढायच्या आधी चोवीस एप्रिलला जिल्ह्याचे साहेब स्वतः तपासनीला येतायत." घरी येऊन शाल पेटीत टाकली. मला माझी लाज वाटते दादा, दुसरा शब्द नाही.

वहिनींना नमस्कार सांग. आमसुलं वाळत घातली आहेत, कुणी येणारं मिळालं की पाठवतो. उत्तर पत्रानेच दे.

तुझा धाकटा भाऊ, जसा आहे तसा,
अनिल

ता. क. : एक काम आहे. काकूचा तो फोटो जानेवारीत काढला त्याच दिवशी, ब्रश लावण्याआधी, मी तुला एकट्याला पाठवला होता. तू उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला होतास. माझा फोनही मी गोठ्यासारखाच साफ केलाय, तेव्हा तो फोटो तुझ्या फोनमध्ये असेल तर जगात तेवढाच शिल्लक आहे. त्यात खड्डे आहेत, कोंबडी आहे आणि तारीख आहे. मोठा छापून चोवीस तारखेच्या आत घेऊन ये. कृपा करून ग्रुपवर टाकू नकोस.

ता. क. २ : वर 'किरकोळ बदल' म्हणून जे टाळलं ते आता लिहितो. फ्लेक्ससाठी रूपेश म्हणाला की म्हातारी रस्त्याच्या मध्ये येते, तेवढी काढा. मी काढली. तुझी आई दादा, मी त्या ब्रशने पुसली, आणि तिच्या जागी रस्ता सुरेख भरला गेला याचा मला त्या वेळी अभिमान वाटला. फ्लेक्सचा फोटो काकूला परवा कुणीतरी फोनवर दाखवला. फोन बऱ्या डोळ्याजवळ धरून ती मला म्हणाली, "रस्ता झाला रं बाला. पन मी कुठं हाय त्येच्यात?" मी कबूल केलं. मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालताना काकूने बोलावून घेतलं, म्हणून हे समासात लिहितो. फोटो तुझ्याकडे नसला तरी चालेल. साहेब येतील त्या दिवशी वळणावरच्या सगळ्यात मोठ्या खड्ड्यात खुर्ची टाकून बसायचं असं तिने ठरवलंय. "मग पूस बगू मला हितनं," म्हणते. ऑपरेशनला तिला खुर्चीतून उचलून नेतो असं आम्ही दोन वर्षं सांगत होतो, तर जित्याजागत्या माणसाला चौघांनी उचलू नये म्हणायची. आता वळणापर्यंत उचलून न्या असं स्वतःच म्हणते आहे. पण दादा, बाकी सगळी वाडी मुंबईला. उचलण्याजोगे इथे आम्ही तिघंच उरलोय, आणि खुर्चीला पाय चार आहेत. तू ये.